डब्यावरची काळी पट्टी

आमच्या हॉस्पिटलात माणसं डॉक्टरांना घाबरत नसतील इतकी मार्कबाईंना घाबरत. त्यात डॉक्टरही आले. बाई खरेदी विभागाच्या प्रमुख. तळमजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या खोलीशेजारी त्यांची खोली. एक खिडकी, आणि त्या खिडकीतून काय दिसायचं, तर कचऱ्याची गाडी. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. दर तीन महिन्यांनी त्या प्रत्येक पुरवठादाराला शंभरपैकी मार्क द्यायच्या आणि तो कागद बाहेरच्या फळ्यावर टाचायच्या, म्हणून मार्कबाई. माल वेळेवर आला का, त्याचे चाळीस. तक्रारी किती, त्याचे चाळीस. कागदपत्रं नीट का, त्याचे वीस. पोट सुटलेले, पिकल्या मिशांचे व्यापारी त्या फळ्यासमोर निकालाला आलेल्या पोरांसारखे उभे राहायचे. माझं भांडार अगदी समोर, त्यामुळे मला ही करमणूक फुकट.

घरीही हेच चालतं, ही बातमी खुद्द त्यांच्या नवऱ्याने पुरवली. नवरा म्हणजे आमचे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि बायकोची चेष्टा हाच निवृत्तीनंतरचा उद्योग. कधी बाईंना न्यायला आले की माझ्या काउंटरला टेकून हळूच सांगायचे, "आज चहाला बासष्ट पडले. काल अठ्ठावन्न होते. सुधारतोय मी."

"अहो, चला," बाई मागून म्हणायच्या. "वेळेवर निघण्याचे मार्क कापीन."

हसा, पण बाईंचं मार्कांचं वेड आभाळातून पडलेलं नव्हतं. त्या टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा एकदा तीन हजार हातमोजे आले. सगळे डाव्या हाताचे. पुरवठादाराला बोलावलं तर तो शांतपणे म्हणाला, करारात 'हातमोजे' लिहिलंय, कुठल्या हाताचे ते दाखवा. कुणाला दाखवता आलं नाही. वर्षभर आमच्या नर्सा डावा मोजा उलटा करून उजव्या हातात चढवायच्या. करार टाइप केला होता बाईंनी. चूक त्यांची नव्हती, पुढ्यात आलं ते त्यांनी टाइप केलं होतं. पण त्यांना ते लागलं. तेव्हापासून करारातलं प्रत्येक कलम त्या तांदूळ निवडावेत तसं निवडायच्या. त्यांच्या हाताखाली फाटके मोजे बंद झाले, उशिरा येणारी सलाईनची गाडी घड्याळ लावावं अशी येऊ लागली. हे सगळं खरं. म्हणून तर पुढचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं म्हणजे पट्टीचं प्रकरण. पट्टी काय ते आधी सांगतो. ऑपरेशनची हत्यारं कापडात बांधून वाफेच्या मोठ्या यंत्रात घालतात, निर्जंतुक करायला. प्रत्येक बोचक्यावर एक चिकटपट्टी लावतात. त्या पट्टीवर दिसतील न दिसतील अशा फिकट तिरप्या रेघा असतात. आत वाफ पुरेशी कडक मिळाली, पुरेसा वेळ मिळाली, तर रेघा काळ्या होतात. काळ्या झाल्या की बोचकं ऑपरेशनला. फिकट राहिल्या की परत यंत्रात. एवढंच. त्या चार तिरप्या रेघांवर भरवसा टाकून डॉक्टर हातात चाकू घेतात.

ही पट्टी एक आजोबा पुरवायचे. वीस वर्षं पुरवत होते. खांद्याला झोळी, बोलण्यात खोकला, बिलात खाडाखोड, त्यामुळे कागदपत्रांचे वीसपैकी बारा ठरलेले. एरवी बरे मार्क असायचे. पण एका वर्षी त्यांच्या तक्रारी वाढायला लागल्या. दोन, मग पाच, मग एका तिमाहीत अकरा. तक्रार एकच: 'पट्टी काळी झाली नाही. पट्टी सदोष.' खाली सही वाफवाल्याची.

वाफवाला म्हणजे ते यंत्र चालवणारा. कायम घामाने निथळणारा, चांगला माणूस, पण भित्रा. आता इथे एक गंमत ऐका. आमच्याकडे तक्रारीचे दोन फॉर्म. माल खराब असेल तर गुलाबी. तो बाईंकडे जायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. यंत्र बिघडलं तर पिवळा. तो वर इंजिनियरकडे जायचा आणि तिथे अंडी उबवत बसायचा. शिवाय पिवळा फॉर्म भरला की इंजिनियर येईपर्यंत यंत्र बंद ठेवायचं, असा नियम. यंत्र बंद म्हणजे ऑपरेशनं बंद, म्हणजे सगळे सर्जन वाफवाल्याच्या बोकांडी. मग तो शहाणा काय करायचा? खालच्या कप्प्यातलं बोचकं फिकट निघालं की ते निमूटपणे पुन्हा वाफेत घालायचा आणि गुलाबी फॉर्म भरायचा. बोचकी दुसऱ्या फेरीत निर्जंतुक व्हायची, तेवढं बरं. शिव्या पट्टीला बसायच्या.

आजोबा मार्क बघून बाईंच्या खोलीत शिरले, तेव्हा दार उघडं होतं आणि माझे कान त्याहून उघडे.

"अकरा, आजोबा. करारात तीन चालतात."

"बाई, पट्टी फिकट राहिली म्हणजे आत वाफ पोचली नाही. पट्टीनं तिचं काम केलं. तुम्ही यंत्र बघा ना."

"तुमच्या कराराच्या सातव्या कलमात यंत्र नाही. पट्टी आहे."

"म्हणजे कलमात नाही ते बिघडतच नाही होय?"

"आवाज चढवू नका."

"आवाज कुठला चढवतोय बाई, फाटकापासून चालत आलोय, धाप लागलीय."

तक्रारींना शून्य, एकूण बावन्न मार्क. करार रद्द. जाताना आजोबांनी झोळीतून एक रोल काढून माझ्या काउंटरवर ठेवला. "ठेव रे. डब्यावर नाव लिहायला होईल." कारण ती पट्टी आमच्याकडे सगळे डब्यावर लावायचे. कँटीनच्या मावशी अकरा वाजता सगळ्यांचे डबे गरम पाण्याच्या टबात बसवून ठेवायच्या, आणि वाफेच्या यंत्रासाठी बनवलेली पट्टी पाण्याला काय दाद देणार. नाव पुसत नसे, चिकटपणा सुटत नसे. रोल मी फडताळात टाकला आणि विसरलो.

मग आला अत्तर. माणूस दिसायच्या आधी त्याचा वास यायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलं. गोड बोलणं, कडक इस्त्री, फायलीत प्रत्येक कागदाला रंगीत खूण. बाई फायलीवर भाळल्या. "आमच्या पट्टीची तक्रार येतच नाही," तो म्हणाला. "लिहूनच घ्या. एक तक्रार आली तर करार फाडा." बाईंनी लिहून घेतलं.

आणि खरंच आली नाही. पहिल्या महिन्यात नाही, दुसऱ्यात नाही. सात महिन्यांत एकही गुलाबी फॉर्म नाही. प्रत्येक बोचकं काळंकुळकुळीत. वाफवाला सुखी, सर्जन सुखी, आणि फळ्यावर हॉस्पिटलच्या इतिहासात पहिल्यांदा शंभरपैकी शंभर. बाईंनी तेवढ्यात आणखी एक नियम काढला: पट्टी डब्यांवर लावायची नाही. रोल किती आणि बोचकी किती, याचा मेळ बसत नव्हता म्हणून. सगळ्यांनी डब्यांवर कागद चिकटवले, ते पाण्यात सुटले, आणि एकदा मला अकाउंटंटचा डबा खावा लागला. त्यापलीकडे कुणाचं काही बिघडलं नाही, असं आम्हाला वाटलं.

खरं तर मला एक गोष्ट दिसत होती. त्या महिन्यांत ड्रेसिंगच्या कापसाची मागणी वाढली. जखमा सावकाश भरतात, टाके ओले राहतात, असं नर्सा म्हणायच्या. मी मागणीपत्रावर सही करायचो आणि टोमणा मारायचो, "कापूस खाता की काय गं?" त्या हसायच्या नाहीत. पूर्वी हसायच्या.

याच काळात मास्तरांच्या मोतीबिंदूंनी उचल खाल्ली. उजवा डोळा आधी केला, डावा सहा आठवड्यांनी करायचा ठरला. पण उजवा काही निवळेना. कडेला लाल, आणि धूसर. मास्तर माझ्या काउंटरशी येऊन एक डोळा झाकायचे, मग दुसरा. "न केलेल्या डोळ्यानं तू बरा दिसतोस. केलेल्या डोळ्यानं तर कुणीतरी तुला ओल्या बोटानं पुसलंय."

"चोळत असाल," बाई म्हणायच्या.

"तूच मार्क दे ना डोळ्याला."

"पस्तीस. काठावर पास."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब बदलून दिले. काहींना वेळ लागतो म्हणाल्या.

डाव्या डोळ्याचा दिवस उजाडला. ऑपरेशन दीड वाजता. त्याच दिवशी चार वाजता सभागृहात अत्तरला वर्षातल्या उत्तम पुरवठादाराचं प्रशस्तिपत्र आणि दोन वर्षांच्या वाढीव करारावर सह्या. करार बाईंच्या टेबलावर, अत्तर नवा कोट घालून बाराच्या आधीच बाकड्यावर. बाईंची सकाळी धांदल झाली. डब्याची कडी तुटली. झाकण उघडं पडायला लागलं, म्हणून त्यांनी खणातला पट्टीचा नमुन्याचा रोल काढला आणि, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून, डब्याला दोन वेढे मारले नि रोल खिशात टाकला. मी बघितलं. मी कशाला सोडतोय?

साडेबाराला कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, पकडलं! डब्याला पट्टी! किती कापायचे?"

बाई लाजल्या. चक्क लाजल्या. तेवढ्यात मावशींनी टबातून डबा काढून, फडक्याने पुसून पुढ्यात ठेवला आणि ठसक्यात म्हणाल्या, "घ्या. निर्जंतुक झाला तुमचा डबा."

पट्टी काळी झाली होती. चारही रेघा, ठळक.

टेबलाभोवती जी खसखस पिकली ती अजून कानात आहे. मी तर टेबल बडवलं. मग लक्षात आलं, बाई हसत नाहीयेत. त्या पट्टीकडे बघत होत्या. त्यांनी टबात बोट घातलं. पाणी गरम होतं, पण बोट ठेवता येईल इतकंच. त्यांनी खिशातला रोल काढला, वीतभर फाडला, पाण्यात सोडला आणि घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. जेवण कुणालाच सुचेना. सहाव्या मिनिटाला रेघा राखाडी झाल्या. नवव्याला काळ्या.

"मावशी, पूर्वी डब्यांवरची पट्टी काळी व्हायची?"

"छे हो. वर्षानुवर्षं बघतेय. पिवळट ती पिवळटच."

बाई निघाल्या. धावल्या नाहीत, पण त्यांच्या मागे जाताना मला धावावं लागलं. काळजीनं गेलो असं म्हणता येईल, पण काय चाललंय ते कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही हेही खरं.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मास्तर हिरवा गाऊन घालून, डाव्या डोळ्यात थेंब घालून बसले होते. शेजारी एक शिवणकाम करणारी बाई, तिच्याही डोळ्यात थेंब. तिचा नंबर मास्तरांनंतर. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. "सुईत दोरा ओवता येईल ना हो आता?" ती विचारत होती. "दोन वर्षं झाली, नात ओवून देते मला."

दारात डॉक्टरीणबाई आल्या. मार्कबाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, यांचं आज नको. यांना कालपासून खोकला आहे."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ही बाई खोटं बोललेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि एक खोकला काढला. अगदीच चाळीस मार्कांचा.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोकल्यावर डोळा करायला नकोच. मग या आजींना आधी घेते. चला आजी."

शिवणवाली उठली. पायातल्या चपला तिने बाकाखाली नीट जोडून ठेवल्या.

मी मार्कबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्या क्षणी सगळं जमून आलं होतं बघा. मास्तर वाचले होते. चार वाजता सह्या होणार होत्या. पट्टी एखाद्या महिन्यात गुपचूप बदलता आली असती, कुणी विचारलं नसतं की आजोबांना कुणी घालवलं. फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. शिवणवालीने दाराला हात लावला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "खोकला नाहीये. पट्टी खोटी आहे. गरम पाण्यात काळी होते. आत काय निर्जंतुक आहे नि काय नाही, आपल्याला माहीत नाही."

"कोण म्हणतं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "शंभर मार्क तुम्हीच दिलेत ना?"

"मीच दिलेत."

मग मला आजोबांचा रोल आठवला. फडताळ उपसून मी तो धावत आणला. वाफवाल्याने तीन कप्प्यांत दोन-दोन अशी सहा बोचकी भरली, प्रत्येकावर आजोबांची पट्टी. यंत्र पाऊण तास चाललं. नेहमीसारखं गुरगुरत होतं, जसं काही त्याचं सगळं ठीक आहे. दार उघडलं. वरची दोन काळी. मधली दोन काळी. खालची दोन, आत घातली होती तशीच, फिकट.

वाफवाला खालीच बसला. "मी तर सांगत होतो बाई."

"कुणाला?"

"तुम्हालाच. अकरा वेळा. गुलाबी फॉर्मवर."

बाईंनी मान हलवली. म्हणजे 'हो' अशी. रागाची नाही. मग विचारलं, "गेल्या सात महिन्यांत खालच्या कप्प्यातलं कुठलं बोचकं कुणाच्या ऑपरेशनला गेलं, हे कुठं लिहिलंय?"

"नाही बाई. तसा रकानाच नाही. पट्टी काळी, एवढीच टीप."

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनं थांबवली आणि मास्तरांना दिव्यासमोर बसवलं. उजवा डोळा पुन्हा पाहिला. गेल्या वेळी पाहिला त्यापेक्षा बराच वेळ पाहिला. दिवा हलवला, परत पाहिला. "यातलं थोडं पाणी काढून आजच तपासायला पाठवते," एवढंच म्हणाल्या. मास्तर दिव्याकडे बघत म्हणाले, "अगं, खोकल्याला किती दिलेस?" बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चारला दहा कमी असताना त्या खाली आल्या. पाठोपाठ मी, आणि डॉक्टरीणबाईंचा शिपाई ऑपरेशनचं जाड रजिस्टर घेऊन. अत्तर बाकड्यावरून उठला. आधी वास आला, मग हसू.

"बाई, सभागृहात सगळे थांबलेत. तुमचा चेहरा का असा? आमची एखादी तक्रार आली की काय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमची एकही तक्रार नाही." आणि मला आत घेऊन दार लावलं. टेबलावरचा करार त्यांनी उघडला नाही की फाडला नाही. उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. "हे आता पुरावा आहे. कुणालाही देऊ नका, मलासुद्धा." मग फळ्यावरून मार्कांचा कागद काढायला मला सांगितलं आणि त्याच्या पाठीवर त्या रजिस्टरमधली नावं उतरवायला लागल्या. पट्टी बदलली त्या दिवसापासून. तारीख शोधावी लागली नाही. ज्या महिन्यात तक्रारींच्या रकान्यात पहिलं शून्य पडलं, तोच महिना. चारशे बारा नावं झाली. कागदाची पाठ पुरली नाही, मी भांडारातून आणखी आणले. मास्तरांचं नाव त्यांनी त्याच्या क्रमाने लिहिलं, ना आधी ना नंतर.

मग फोन ओढला.

"नमस्कार. हॉस्पिटलातून बोलतेय. काही महिन्यांपूर्वी तुमचं ऑपरेशन झालं होतं. जखम कशी आहे?"

पहिला माणूस म्हणाला, छान आहे, पण आज अचानक कशी आठवण? दुसरीने नवऱ्याची तक्रार सांगितली, जखमेची नाही. तिसरा म्हणाला, जरा ओलं राहतं, पण डॉक्टर म्हणाले वेळ लागतो. बाईंनी त्याच्या नावापुढे खूण केली आणि उद्या सकाळी यायला सांगितलं. चौथा उचलेना. पाचवी, सहावी ठीक. प्रत्येक वेळी त्याच आवाजात, त्याच शब्दांत, जणू करार वाचताहेत. मी खुर्ची ओढून बसलो. थट्टा करायला एकही शब्द सापडेना, आणि मला हे पहिल्यांदाच होत होतं.

सातव्या फोनवर म्हातारी बाई होती. बाईंनी तेच विचारलं. "जखम होय..." ती म्हणाली, "थांबा हं. मुलाला देते." आणि रिसीव्हर कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला.

बाई पेन हातात धरून थांबल्या.